जिवंत माणसाचा चिरा

आमच्या गावाच्या वेशीवर मंगळू आजोबांचा चिरा उभा आहे. चिरा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पुरलेली सागवानी फळी. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली घोड्यावरचा वीर. आणि ज्यांचा हा चिरा, ते आजोबा रोज सकाळी त्याला टेकून दात घासतात.

भानगड एकाहत्तरच्या लढाईत झाली. आजोबा फौजेत होते. घरी तार आली, ‘बेपत्ता’. सुरगाण्याकडच्या आमच्या डोंगरात तोवर कोणी बेपत्ता झालेलंच नव्हतं. माणूस एकतर असतो, नाहीतर नसतो. दोन महिने वाट बघून गावाने विधी केला, चिरा उभारला, जेवणं उठली. चौथ्या महिन्यात आजोबा इस्पितळातून सुटून, डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आले. पण पुरलेला चिरा आमच्यात उपटत नाहीत. मग राहिले दोघंही.

आमची आजी, चिमणाबाई, अजून सणाला आधी चिऱ्यापुढे भात ठेवते, मग आजोबांपुढे.

“तो तमाखू मागत नाय,” ती म्हणते.

मी नाशिकला नववीत आहे, शाळेच्या एनसीसीत. यंदा मंजुषा मॅडमनी आदिवासी जवानांना मानवंदना द्यायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्यांत आधी हात वर केला आणि मोबाइलवर चिऱ्याचा फोटो दाखवला. मॅडमचे डोळे भरून आले. पुढचं सांगायला मी तोंड उघडेपर्यंत कार्यक्रम आमच्या गावात, चिऱ्यापुढेच, असं पाहुण्यांना पत्र गेलंसुद्धा. गावात सरपंच नवनाथकाकांनी बॅनर लावला: हुतात्मा मंगळू गावित.

“काका, आजोबा जिवंत आहेत.”

“मला सांगतीस? काल माझ्याच ओट्यावर चहा पिऊन गेला म्हातारा. पण बॅनर छापून झालाय, पाहुणे निघालेत. आता ऐनवेळी माणूस कुठून बदलू?”

आजोबा अजिबात चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “सलामी खरी देणार ना? फौजेवानी?”

“हो. मीच कमांड देणार आहे.”

“मी लय सलाम ठोकले गं मीना. मला मातर एकानंबी नाय ठोकला.”

झालं. ती सलामी आजोबांनाच मिळाली पाहिजे, हे मी तिथंच ठरवलं. कशी, ते काही ठरवलं नव्हतं.

कार्यक्रमाला निवृत्त अधिकारी आले. ‘हुतात्म्यांचे जवळचे नातेवाईक’ म्हणून पुकारा झाला आणि आजोबा स्टेजवर गेले. अंगात जुना कोट, त्यावर पदक, डोक्यावर ट्रंकेतली फौजी टोपी. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला.

“आपण त्यांचे कोण?”

“लय जवळचा हाय, साहेब.”

“पदक छान जपलंत. त्यांच्या आत्म्याला बरं वाटत असेल.”

“वाटतंय की.”

मग मानवंदना. आमची तुकडी चिऱ्यासमोर उभी. आजोबा नारळ घेऊन स्टेजवरून उतरले आणि आमच्या आणि चिऱ्याच्या मधूनच घराकडे निघाले. नेमकी तेव्हाच मी ओरडले, “सावधान!”

आजोबांच्या टाचा खाडकन जुळल्या. नारळ सुटून गडगडत गेला. चिऱ्याच्या बरोब्बर पुढे ते ताठ उभे राहिले, तोंड आमच्याकडे.

“मीना, त्यांना बाजूला घे,” मागून मॅडम कुजबुजल्या.

कवायत सुरू असताना कमांडरने मध्येच गप्पा मारायच्या नसतात, हे मॅडमनीच शिकवलंय. मी पुढची आज्ञा दिली. “सॅल्यूट!”

पंचवीस हात वर गेले. समोरून आजोबांचाही गेला. चिऱ्यावरच्या वीराने काही लगाम सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं: ‘हुतात्मा मंगळू गावित यांना मानवंदना देताना विद्यार्थिनी. मध्ये आलेले एक ग्रामस्थ.’

आजोबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि कात्रण ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवायला लावलं.

आजी चुलीपाशी होती. “आता खरंच मेला तर मी काय दुसरा चिरा करणार नाय हां,” ती म्हणाली. “हाय तोच वापर.”