फ्यूस्टरचं टोक

जमीन सगळ्यांत आधी दिसली तर जोनस फ्यूस्टरला काय मिळणार, याचा हिशेब जहाजावरच्या प्रत्येकाने त्याच्या वतीने मांडून ठेवला होता. एक तर रमची अख्खी बुधली. दुसरं म्हणजे नाव. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा 'जमीन' निघेल त्याचं नाव तिच्या समुद्रात घुसलेल्या पहिल्या टोकाला देणार, असं कप्तान स्टॅनवेने आम्हाला डेकवर उभं करून सांगितलं होतं.

हा स्टॅनवे प्रसिद्ध दर्यावर्दी कुकसाहेबांच्या हाताखाली तयार झालेला. साहेब खलाशांना आंबवलेली कोबी खायला लावायचे, म्हणून हाही लावायचा. साहेबांनी कुणा पोराला रम आणि डोंगराला त्याचं नाव दिलं होतं, म्हणून हाही देणार. साहेबांच्या नकाशात दक्षिणेला ज्या कोऱ्या जागा राहून गेल्या, त्या भरायला आम्हाला धाडलं होतं. साहेब स्वतः त्या भरू शकले असते, पण त्यांना एका बेटाच्या किनाऱ्यावर लोकांनी मारलं होतं. तेव्हापासून या समुद्रात आलेल्या जहाजावरचा प्रत्येक शिपाई, जमीन दिसायच्या आधीच बंदूक भरून बसायचा.

बाकीच्यांचा डोळा रमवर होता. जोनसचा नावावर.

जोनस म्हणजे माझ्या बहिणीचा, हेस्टरचा नवरा. मी रूबेन गारबट, जहाजावर शिडं शिवायचं काम माझ्याकडे. आमच्या गावी, व्हिटबीला, कड्यावरच्या चर्चच्या आवारात आम्हा गारबटांच्या थडग्यांचे दगड ओळीने उभे आहेत, कारण शिडं शिवणारी माणसं बिछान्यात मरतात. फ्यूस्टर पडले मासेमार. आजोबा, बाप, दोन्ही चुलते, सगळे समुद्राने नेले. प्रेत नाही म्हणून खड्डा नाही, खड्डा नाही म्हणून दगड नाही. रविवारी जेवताना माझा बाप हमखास विषय काढायचा.

"हेस्टर, तू अशा घरात पडलीस बघ, ज्याचं नाव फक्त माशांना ठाऊक."

जोनस हसायचा आणि आपल्या वाटीतला रस्सा उगाच ढवळत बसायचा. हेस्टर बापाला म्हणायची, "पुरे हो आबा," आणि नवऱ्याच्या वाटीत हेरिंग माशाचा मोठा तुकडा टाकायची. तो तुकडा जोनस खात नसे, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं होतं असं मला वाटत नाही.

जहाजावर तो स्वतःची पाळी संपली की दुसऱ्याची मागून घ्यायचा आणि डोलकाठीवर जाऊन बसायचा. मी खालून ओरडायचो, "दाजी, उतरा आता! आभाळाला भोक पडेल बघून बघून."

"तुझं काय जातंय, मेव्हण्या? रम तुलाच देणार आहे सगळी."

"ती तर घेतोच. पण त्या टोकावर तुमचं नाव वाचायला कोण येणार? सील मासे?"

"नकाशा छापतात, रूबेन," तो वरून अगदी गंभीरपणे म्हणाला. "लंडनमध्ये छापतात, मग तो सगळीकडे जातो."

आमचा आचारी क्रेक भटारखान्याच्या दारातून म्हणाला, "ए फ्यूस्टर, टोक नाहीच सापडलं तर माझ्या नाकाला दे तुझं नाव. आकाराने कमी नाही, आणि लंडनमध्ये पुष्कळांना माहीत आहे."

एकदा जोनस ओरडलाही. कप्तान अर्धी दाढी तशीच ठेवून पळत वर आला. तो ढग निघाला. पुढे कित्येक दिवस कुठलाही ढग दिसला, की कुणीतरी टोपी काढून त्याला म्हणायचं, "नमस्कार फ्यूस्टरसाहेब." जोनसने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा वर चढला. माणूस कशासाठी लोकांचं किती हसू गिळतो यावरून त्याला ती गोष्ट किती हवी आहे ते कळतं. जोनसने त्या दिवसांत पोटभर गिळलं.

आणि मग एका सकाळी, धुकं विरत असताना, तो पुन्हा ओरडला. या वेळी आवाज फाटलेला होता. काळा, सरळ तुटलेला कडा, वर हिरवळ, आणि हिरवळीवर धूर. म्हणजे माणसं.

कप्तान शब्दाला जागला. कच्चा नकाशा डेकवर आणवून त्याने आमच्यासमोर लिहिलं: फ्यूस्टरचं टोक. जोनसला वाचता येत नव्हतं. तो वाकून बघत राहिला आणि त्याने बोट पुढे नेलं, तसा कप्तानाने त्याचा हात हलकेच बाजूला केला. "शाई ओली आहे."

"साहेब, आणखी एक मागू?"

"माग. आज तुझा दिवस आहे."

"त्या टोकाला सलामी द्यायची. होडीतून. रीतसर."

आमच्या आरमारात होडीतून कुणा मोठ्याला मान द्यायचा झाला, की वल्हवणं थांबवून सगळी वल्ही एकदम उचलतात आणि पाती आभाळाकडे करून उभी धरतात. बंदरात सरदार-दरकदार आले की हे रोजचंच. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, तिच्यात वावगं असं कुणाला काय दिसणार? कप्तान खूश झाला. पाणी भरून आणायला होडी जाणारच होती. सुकाणूला जोनसलाच बसवलं. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, गिल्बी नावाचा शिपाई, बंदूक मांडीवर घेऊन. मी वल्ह्यावर.

वल्हवणाऱ्याची पाठ किनाऱ्याकडे असते. आम्हाला दिसत होता तो फक्त जोनस, आणि त्याच्या मागे लांब होत चाललेलं जहाज. जोनसचा चेहरा असा होता, की आमच्यातला सर्वांत आगाऊ माणूससुद्धा गप्प बसला. लग्नाच्या दिवशीही तो असा दिसला नव्हता, आणि त्या दिवशी तर माझा बाप आजारी असल्यामुळे गप्प होता.

"लोक आलेत खाली," तो म्हणाला. "पुढे एक म्हातारा आहे. हातात डहाळी आहे त्याच्या, हिरवी. काहीतरी म्हणतोय."

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मला काय कळतंय! पण चांगलं वाटतंय ऐकायला." मग त्याने मान वळवून कड्याकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि हुकूम दिला, "वल्ही वर!"

आम्ही वल्ही उभी केली. झकास जमलं, एकाच झटक्यात. ओल्या पात्यांवर ऊन पडलं. त्या क्षणी किनाऱ्यावरचं ते म्हणणं थांबलं.

वल्हं तसंच उभं धरून थोड्या वेळाने मी मान मागे वळवली. म्हाताऱ्याच्या पाठीमागची तरणी पोरं धावत वर गेली होती आणि भाले घेऊन परत येत होती. त्यांच्या बाजूने बघायचं तर चूक काहीच नव्हती. परकी होडी शांतपणे जवळ आली, आणि अगदी जवळ आल्यावर आतल्या सगळ्यांनी माणसापेक्षा लांब, चकाकत्या टोकाची हत्यारं एकदम उगारली. आम्ही मान देत होतो. त्यांना आम्ही मारायला आलेलो दिसलो.

"खाली करा!" मी ओरडलो. "दाजी, वल्ही खाली!"

जोनसला समजायलाच वेळ लागला. एक भाला आला आणि होडीपासून दूर पाण्यात पडला. इतका लांब, की तो लागावा म्हणून नव्हे, तर आम्ही थांबावं म्हणून टाकला असेल, असं मला आजही वाटतं. गिल्बीने मात्र कुकसाहेबांचं काय झालं ते हजारदा ऐकलं होतं. त्याने बार काढला.

पोरांपैकी कुणालाच लागलं नाही. लागलं म्हाताऱ्याला. तो आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, आपल्याच पोरांना अडवत उभा होता. गोळी पाठीत शिरली, तो कोसळला तो पुन्हा हलला नाही. डहाळी हातात तशीच होती.

पाणी न भरताच आम्ही परतलो. जहाजावर चढल्यावर गिल्बी एवढंच म्हणाला, "भाला आधी आला ना? सगळ्यांनी पाहिला ना?" सगळ्यांनी पाहिला होता. रमची बुधली आली, जोनसने ती माझ्या हातात दिली, मी सगळ्यांना वाटली आणि माझ्या वाट्याचीही प्यालो. क्रेकने आपला पेला भरून घेतला आणि नेहमीसारखा काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण मग नुसताच प्याला.

संध्याकाळी जोनस कप्तानाच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, मी बाहेर शीड सांधत होतो.

"साहेब, ते नाव खोडा."

"फ्यूस्टर, तुझ्याकडून काही चुकलेलं नाही. सलामीला मी परवानगी दिली होती."

"चुकलं-बिकलं सोडा, साहेब. त्या टोकाला नाव असणारच आधीपासून. त्या म्हाताऱ्याला ठाऊक असणार."

"मग जाऊन विचार त्याला." कप्तानाच्या तोंडून ते निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यालाच बरं वाटलं नसावं, कारण पुढचं तो हळू बोलला. "हे बघ, खोडाखोड केलेला नकाशा घेऊन मी लंडनला उभा राहू शकत नाही. का खोडलं ते लिहावं लागेल. मग गिल्बी अडकेल, मी अडकेन. आणि तूही."

"मी अडकलो तर चालेल."

"मला चालणार नाही. जा, झोप."

आम्ही ते बेट सोडलं. जोनस पुन्हा कधी डोलकाठीवर चढला नाही, चढायची पाळी आली तर दुसऱ्याला आपली तंबाखू देऊन पाठवायचा.

नकाशा छापला. व्हिटबीला पोचायला त्याला वेळ लागला, पण पोचला. माझ्या बापाने तो मिळवला, बंदरावरच्या दारूच्या दुकानात टेबलावर पसरला आणि आल्या-गेल्याला बोट ठेवून दाखवू लागला. "माझा जावई!" ज्याला चाळीस वर्षं ओळखत होता त्यालाही नव्याने सांगायचा. रविवारी जेवताना जोनसच्या वाटीत पहिला तुकडा आता तोच टाकू लागला.

"जावईबापू," एके दिवशी तो म्हणाला, "चर्चवाल्यांशी बोललोय मी. आमच्या ओळीतच तुमचा दगड बसवू. तुमचे आजोबा, वडील, चुलते, सगळ्यांची नावं. आणि खाली लिहू, याच घराण्याच्या नावाचं टोक दक्षिण समुद्रात आहे. कसं?"

हेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नव्हतं.

"नको, मामा," जोनस म्हणाला.

"अहो, संकोच कसला! मिळवलंय तुम्ही ते."

"लिहायचंच असेल तर त्याचं लिहा."

"कुणाचं?"

जोनस माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीकडे बघू लागलो. त्या म्हाताऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या किनाऱ्यावर आम्ही काय करून आलो होतो ते सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या बापाला वाटलं जावई थोर झाला, म्हणून विक्षिप्तही झाला. त्याने विषय बदलला. दगड बसला नाही.

हे सगळं मी अनेकदा मांडून पाहिलं आहे. कप्तानाला पुढे मोठं जहाज मिळालं. बापाला मिरवायला जावई मिळाला. माझी रम तर मी त्याच दिवशी वसूल केली. जोनसला जे हवं होतं तेच, त्याने मागितलं होतं तसंच मिळालं, आणि ते घेऊन काय करावं हे मरेपर्यंत त्याला समजलं नाही. तेवढी किंमत त्याने मोजली. बाकीची सगळी मोजली त्या म्हाताऱ्याने, ज्याला आमच्याकडून काहीच नको होतं.