सिस्टरांची खुर्ची

मित्रांनो, कळंबच्या वीरप्पा वेल्डरनं जोडलेली मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. नोकरी सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही, उगीच कुणाला राग यायचा.

कोण कसं बसतं यावरून मी माणूस ओळखते. साहेब लोक पसरून बसतात. शिवकांता सिस्टर मात्र काठावर टेकायच्या, उठायच्या तयारीनंच. भरलेला वॉर्ड आणि त्या एकट्या.

एकदा बाळंतिणीला सावरून त्या जरा टेकल्या, तोच एका नातेवाइकानं मोबाईल काढला. "बघा, पेशंट तळमळायलेत अन् सिस्टर निवांत बसायलीय." व्हिडिओ गावभर फिरला. त्याआधी त्या सकाळपासून उभ्या होत्या, ते कुणी काढलं नाही. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी चौकशी केली आणि हुकूम सोडला, वॉर्डात खुर्ची नको. मी अडगळीत, मोडक्या स्ट्रेचरशेजारी.

एरवी पेशंटशी हसतखेळत बोलणाऱ्या सिस्टर आता मुकाट सुई टोचून पुढं सरकायच्या. एका दुपारी अडगळीचं दार लोटून माझ्यावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

मग एक दिवस अचानक मला बाहेर काढून पुसलं, वर टॉवेल टाकला. परिचारिकांच्या मानसिक आरोग्यावर व्याख्यान होतं! पाहुणे माझ्यावर बसले. सिस्टर भिंतीला लागून उभ्या.

"ताण घ्यायचा नाही. कामात आनंद शोधायचा," पाहुणे म्हणाले. संतापानं माझे पाय करकरले.

"सर, जरा उठता का?" शिवकांता सिस्टर पुढं आल्या. "ही वॉर्डातली खुर्ची आहे. न्यायचीय."

साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, कार्यक्रम चालू आहे."

"वॉर्डबी चालूच आहे, साहेब. खुर्ची ठेवायची नसंल तर माझा राजीनामा घ्या. उभ्यानं लिहून देते, सवय झालीय."

पाहुणे उठले. सिस्टरांनी मला उचललं आणि थेट वॉर्डात आणलं. खाटेवरच्या धुरपदाबाई म्हणाल्या, "बस माय. लई येळ झाला, उभी हाईस."

सिस्टर बसल्या. पहिल्यांदाच पाठ टेकून.

मित्रांनो, त्यांना नोटीस येणार म्हणतात. येऊ दे. तुम्ही कधी दवाखान्यात आलात आणि सिस्टर बसलेली दिसली, तर आधी एवढंच विचारा, "सिस्टर, जेवलात का?" उत्तर ऐका. मग कुणावर चिडायचं ते ठरवा.