दोन दारांच्या जुळ्या

थोरली घड्याळं दुरुस्त करायची, धाकटी लाँड्री चालवायची. दोघी बहिणींची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. थोरलीला नवरा होता, मूल नव्हतं. धाकटीला लग्नाच्या फंदात न पडता मूल हवं होतं. बालगृहात जुळ्या मुली आहेत आणि त्यांची ताटातूट करायची नाही, असं कळलं तेव्हा दोघींनी एकेक मुलगी घेतली.

मुलींच्या जन्मदात्रीला नशेच्या गोळ्यांचं व्यसन होतं. त्या पोटात असतानाही ते सुटलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला मुली थरथरायच्या, किंचाळून रडायच्या, दिवा लावला तरी दचकायच्या. बहिणी पडदे ओढून आळीपाळीनं त्यांना छातीशी धरून बसायच्या. तेव्हा दोघींचं एकदाही वाजलं नाही. मुलींनी बाळसं धरलं आणि भांडणं सुरू झाली.

थोरलीची ती टिकटिक, धाकटीची ती चिमटी. थोरलीकडे जेवण, झोप, अंघोळ सगळं काट्यावर. धाकटीकडे धुतलेल्या चादरींच्या ढिगावर मूल पेंगलं की ती झोपेची वेळ.

"असल्या पसाऱ्यात वाढली तर तुझ्या पोरीचं लक्ष कशात लागायचं नाही," थोरली म्हणायची.

"आणि तुझी बोलायची कधी, ताई? तिला त्याचीही वेळ ठरवून दिलीयस का?"

मुली चार वर्षांच्या झाल्यावर दोघींना बालविकासाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. थोरलीचा नवराही बरोबर होता. तो रंगारी होता आणि बहिणींच्या वादात भिंतीइतकाच बोलायचा.

"एकसारख्या जुळ्या," बाई खुशीत म्हणाल्या. "आईबापांकडून आलेलं सारखंच, पोटात गोळ्यांचा मारही सारखाच. फरक दिसला तर तो बहुतेक घराचा."

बहिणी ताठ बसल्या.

बाईंनी दिलेले मणी ओवताना दोघींचेही हात जरासे कापत होते. निळ्या फ्रॉकवाल्या टिकटिकनं तरी माळ पुरी केली, मान वर न करता. पिवळ्या फ्रॉकवाल्या चिमटीनं मणी टेबलाखाली सोडले आणि भिंतीवरच्या चित्रातल्या कुत्र्याची गोष्ट सांगायला घेतली. ती संपेपर्यंत कुत्र्याचं लग्न झालं होतं आणि त्याला कवळी बसली होती.

"टिकटिकचं लक्ष छान टिकतं. घरच्या शिस्तीमुळे असेल," बाई म्हणाल्या. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. "आणि चिमटी काय बोलते! तिच्याशी कुणीतरी खूप बोलत असणार." आता धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.

बाहेर येऊन धाकटी बुटाची नाडी बांधायला वाकली. "चिमटे, पाय पुढे कर."

"मी टिकटिक आहे," पिवळा फ्रॉक म्हणाला. "चिमटीला निळा हवा होता."

बहिणींनी दोन्ही फ्रॉक पुन्हा एकदा पाहिले.

"मोज्यांच्या जोड्या लावून लावून लक्ष टिकतं पोरांचं," धाकटी म्हणाली. "मी कधीची सांगतेय."

"आणि वेळच्या वेळी झोप झाली की जीभ आपोआप सुटते," थोरली म्हणाली.

तरी बाईंना खरं सांगायला हवं होतं. सगळी वरात परत आत गेली. बाईंनी मुलींना जवळ घेतलं. "अशी अदलाबदल कितीदा केलीत?"

"नेहमी करतो," चिमटी म्हणाली. "मला घड्याळआईकडे छोटे स्क्रू लावायला आवडतं."

"आणि कपडेआईकडे खूप माणसं येतात," टिकटिक म्हणाली. "त्यांना गोष्टी सांगता येतात."

केस सारखे, उंची सारखी, दोघीही दोन्ही बहिणींना आईच म्हणायच्या. तरी आपल्याला कळू नये, हे थोरलीला लागलं.

रंगाऱ्यानं घसा खाकरला. "मला माहीत होतं. टिकटिक झोपेत लाथा मारते. चिमटी पांघरूण पळवते."

"भावोजी, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही लगेच दारं लावून घेतली असती."



"म्हणजे मुलींनीच आपापल्या आवडीचं घर शोधलं," बाई म्हणाल्या.

"पण दोघी सारख्याच, तर आवड वेगळी कशी?" धाकटीनं विचारलं.

"ते मलाही सांगता येणार नाही. हातांचं कापणं मात्र मला वाटतं गोळ्यांचं. त्यासाठी दोघींना कणीक मळायला द्या, कपड्यांचे चिमटे लावायला द्या. आणि दारं उघडी ठेवा."

रस्त्यात थोरली पुटपुटत होती, "ही लबाडी उचलली कुणाची, तेवढं कळायला हवं." रंगारी चार पावलं पुढे निघाला.

फाटकाशी तिनं एकीला थांबवलं. फ्रॉकच्या रंगावर आता तिचा भरवसा नव्हता. गुडघ्यावर बसून तिनं तो चेहरा नीट न्याहाळला, कानामागे पाहिलं, नाकाचा शेंडा पाहिला.

"चिमटी," ती शेवटी म्हणाली.

मुलगी खुदकन हसली आणि जिन्याकडे पळाली.