मरळीचा ओठ

तेल पाण्यावर तरंगते आणि मासा खाली असतो. लाकडी माशाला वास लावून गळ टाकायचा, या आमच्या उद्योगातली पहिली अडचण हीच होती. मी नुकताच अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. सुकटीचा अर्क आणि बडीशेपेचे तेल अंड्याच्या बलकात घोटले, तर ते पाण्यात सावकाश पसरत खाली उतरते, हे मी घरच्याच एका वाटीत जमवले. आईने ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.

हरिचंद्र चामटोलीचा, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने सागाचे दोन अगदी सारखे मासे कोरले आणि त्यांच्या पोटाखाली गळ बसवले. एकाला वास लावायचा, दुसरा कोरा ठेवायचा. डोह एकच, पाळी आलटून पालटून. मी कारखान्यात असे, म्हणून गळ तोच टाकी आणि संध्याकाळी बदलापूरला माझ्या घरी दोन टोपल्या आणी. वासाची टोपली नेहमी जड असायची. रविवारी सकाळी मी स्वतः बसलो की मात्र दोन्ही लाकडी मासे बहुधा नुसतेच वर येत.

"तुझी सावली पडते पाण्यावर," हरिचंद्र म्हणायचा. "मरळ काय बी.एस्सी. झालीय? ती घाबरणारच."

मी हसून थोडा मागे सरकायचो.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात टेकचंद यांचे दोरा-गळाचे दुकान होते. सिंधूच्या काठी वाढलेला माणूस. निर्वासित होऊन इकडे आल्यावर ते उल्हास नदीवर जाऊ लागले होते. आमच्या अर्काच्या बाटल्या त्यांनी दुकानात ठेवाव्यात म्हणून हरिचंद्र त्यांच्या मागे लागला होता. त्यांनी मला बोलावून समोर बसवले, चहा दिला.

"यह तो बेचनेवाला है. तुम बोलो साईं, मछली आती है?"

"आती है," मी त्यांच्याकडे बघत म्हणालो. "मैंने खुद गिनी है."

त्यांनी बाटल्या लगेच दर्शनी फळीवर मांडल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचे शेजारीपाजारी त्या घेऊन नदीवर जाऊ लागले.

शनिवारी कारखाना लवकर सुटला. हरिचंद्र टोपल्या घेऊन आला तेव्हा आई घरी नव्हती, म्हणून मासे साफ करायला मीच बसलो. वासाच्या टोपलीतली सर्वांत मोठी मरळ उचलली. गळ कुठे लागला ते पाहावे म्हणून तोंड उघडले. ओठ अखंड होता. टाळू आणि घसाही. कल्ल्यांच्या मागे मात्र सगळीकडून एक बारीक रेघ उमटली होती, तिथले खवले घासून निघाले होते. बाकीच्यांनाही तीच रेघ. कोऱ्या टोपलीतल्या एकुलत्या एक माशाचा ओठ तेवढा फाटलेला होता.

हरिचंद्र ओट्यावर चहा पीत बसला होता. मी मरळ त्याच्यापुढे धरली.

"जाळ्यातलीच आहे," तो म्हणाला.

मला का फसवलेस, असे मी विचारले.

"तुला खोटं बोलता येत नाही रे. टेकचंद तुझ्या तोंडाकडे बघूनच बाटल्या ठेवणार होता. मग तुला तरी खरं वाटायला नको?"

माझे कौतुक करावे तशा सुरात तो हे बोलला. मग उरलेला चहा संपवून, टोपल्या उचलून निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी तीन नंबर कॅम्पात गेलो आणि टेकचंदना सगळे सांगितले. त्यांनी उरलेल्या बाटल्या फळीवरून खाली काढल्या.

"उस दिन भी तुम ऐसे ही बैठे थे, साईं," ते म्हणाले. "ऐसे ही आँख मिलाकर."

या वेळी चहा आला नाही.

रविवारी सकाळी, ओट्यावर राहिलेले दोन्ही लाकडी मासे घेऊन मी एकटाच डोहावर गेलो. वासाला मासे खरोखर येतही असतील. पण आता माझ्याकडे विश्वास ठेवावा असा एकही आकडा नव्हता. नेहमीच्या खडकावर बसलो आणि सवयीने मागे सरकलो. डोळ्यांवर ऊन आले. सूर्य समोर होता, पाण्यापलीकडे. वळून पाहिले, तर माझी सावली मागच्या वाळूत लांबवर पडली होती. गेले सगळे रविवार ती तिथेच पडत असणार.