शनी विहिरीत

एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात डोंबिवलीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हरिहर दात्यांनी आपल्या साप्ताहिकात खणखणीत अग्रलेख लिहिला: विहिरीचं पाणी उकळून प्या. लोकांनी अंक विकत घेतला, मागच्या पानावरचं राशिभविष्य वाचलं आणि पाणी होतं तसंच पिणं चालू ठेवलं. शेजारच्या सरोजवहिनींकडे तर तान्हं मूल होतं.

"वहिनी, अग्रलेख वाचलात?"

"वाचणारच होते हो भाऊजी. पण आधी रास बघितली, तेवढ्यात आमटी करपली."

पुढच्या अंकाला हरिहरांनी ज्योतिषीबुवांना रजा दिली आणि भविष्य स्वतः लिहिलं. मेषेपासून मीनेपर्यंत एकच फळ: शनी विहिरीत उतरला आहे, पाणी खळखळून उकळल्याशिवाय तो हटणार नाही.

अंक निघाला त्या दुपारी ते गच्चीत गेले आणि कठडा धरून उभेच राहिले. गावाची जेवणं केव्हाच आटोपली होती, तरी घराघरातून चुलींचा धूर उठत होता, पार ठाकुर्लीपर्यंत. हे आपल्या लेखणीनं झालंय, यावर त्यांचा विश्वास बसेना.

खालून सरोजवहिनी ओरडल्या, "भाऊजी, तुमची कुंभ ना? मग तुमच्याकडे धूर कसा नाही?"

हरिहर खाली उतरले आणि चूल पेटवायला बसले.