दुर्गाबाईंच्या फराळाचे वजन

मी वजनाचा काटा आहे, आणि चांगलाच जुना आहे. जाड लोखंडी पाट, वर पितळी दांडी आणि दांडीवरून सरकणारे एक वजन, एवढाच माझा देह. मित्रांनो, माझे तरुणपण चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर गेले. गुळाच्या ढेपा आणि कांद्याची पोती माझ्यावर चढत. मालबाबू कौतुकाने म्हणत, "हा काटा कधी खोटं बोलायचा नाही." पुढे नवा काटा आला आणि मला कोपऱ्यात ढकलले. माझ्या पाटावर कोळशाचा चुरा साचला, दांडीवर कोंबड्या बसू लागल्या.

शेवटी डॉक्टर उद्धवरावांनी मला भंगारातून उचलले, तेल पाजले आणि आपल्या दवाखान्यात मांडले. तेव्हा पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. परजिल्ह्यांतून आलेले कामगार तपासणीसाठी माझ्यावर उभे राहत. पण पोत्यांचे बरे होते. पोते आपले वजन ऐकून रागावत नसे. माणसे रागावतात. सर्वांत जास्त रागावल्या त्या दुर्गाबाई.

दुर्गाबाई रहाटणीच्या सुईण. कासारवाडीपासून काळेवाडीपर्यंत कितीतरी पोरे त्यांच्याच हातावर जन्मलेली. एका उन्हाळ्यात त्या गुडघे धरून दवाखान्यात आल्या. माझे वजन सरकत सरकत दांडीच्या टोकाशी गेले, तेव्हा त्या ओशाळल्या.

डॉक्टर म्हणाले, "दुर्गाबाई, गोळ्यांनी हे गुडघे सुधारायचे नाहीत. अंगावरचं ओझं उतरवा. नाहीतर उद्या उंबरासुद्धा ओलांडता यायचा नाही."

"आन् मग बायांची बाळंतपणं कोन करनार?"

"म्हणूनच सांगतोय."

बाई जिद्दीच्या. त्यांनी भात सोडला, गुळाचा चहा सोडला, भाकरी अर्ध्यावर आणली. दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या आणि दांडीवरचे वजन थोडे थोडे मागे सरकायचे. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी माझी दांडी थोपटली. "शाना हाय ह्यो काटा!" इतके कौतुक मला मालधक्क्यावरही मिळाले नव्हते.

मग दिवाळी आली आणि सगळे मुसळ केरात गेले.

भाऊबीज उलटल्यावर त्या आल्या, त्या काळेवाडीच्या खातूनबींच्या खांद्याचा आधार घेऊन. डॉक्टरांनी त्यांना माझ्यावर उभे केले. उन्हाळ्यापासून उतरवलेले बहुतेक सगळे वजन परत आले होते. त्यांनी माझ्या दांडीवर सणकन चापट मारली.

"बिघडलाय मेला!"

मला भयंकर राग आला. खरे सांगायचे आणि वर मारही खायचा! पण तेवढ्यात बाई बाकावर बसल्या आणि रडू लागल्या.

"फराळाला बोलवत्यात. पयल्या घरी म्या न्हाई म्हनले, डाक्टर. अंबुबाईनं डोळ्याला पदर लावला. म्हनली, माझ्या नातवाच्या दिवाळीचं तुमाला गोड लागंना व्हय? मग एक करंजी खाल्ली. दुसऱ्या घरी आनिक एक. माझ्या हातावरच्या पोरांची घरं काय थोडी हायती? आन् एकदा जिभंला लागलं, की घरी आलेली ताटंबी मीच संपवली. माझाच मला राग येतोय."

"आणि गुडघा?"

उत्तर खातूनबींनी दिले. आदल्या दिवशी त्यांच्या सुनेला, ताजुन्निसाला, कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच दुर्गाबाई निघाल्या, पण वाटेतच गुडघा आखडला आणि त्या खाली बसल्या. कोणीतरी त्यांना बैलगाडीत घालून आणले. तोवर बाळ जन्मले होते. गळ्याला नाळेचा वेढा, अंग निळे पडलेले. दुर्गाबाईंनी वेढा सोडवला, बाळाची पाठ चोळली, तोंडाने श्वास दिला, तेव्हा कुठे ते रडले.

"आनखी थोडा उशीर झाला असता तर..." दुर्गाबाई म्हणाल्या.

"तुमचा एकटीचा दोष नाही, मावशी," खातूनबी म्हणाल्या. "ईदेला दुसरी वाटी शिरखुर्मा मीच भरली होती ना? तुम्ही नको नको म्हणत होता. मी ऐकलंच नाही."

त्या दिवसापासून पुन्हा अर्धी भाकरी सुरू झाली. या खेपेला मात्र माझे वजन मागे सरकता सरकेना. दुर्गाबाई चिडत, मला शिव्या देत, तरी येत राहिल्या.

संक्रांतीला अंबुबाई खोकल्याचे औषध घ्यायला आल्या होत्या. दुर्गाबाईंना पाहून त्यांनी पुरचुंडी सोडली. "सणाचं नाही म्हणू नका. एकच लाडू."

"धाकट्या सुनंला कितवा?"

"सातवा."

"मग ह्यो लाडू बांधून ठिवा. मला तिच्यापातुर चालत पोचायचं हाय."

अंबुबाईंचे तोंड उतरले. त्यांनी खातूनबींच्या नातवाची हकीकत ऐकली असावी. त्यांनी पुरचुंडीला गाठ मारली.

चैत्रात अंबुबाईंच्या घरचा निरोप आला. दुर्गाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी, पण आपल्या पायांनी गेल्या. वेळेत पोचल्या. मुलगी झाली.

मित्रांनो, सणाला गोडधोड जरूर करा. मला तेल द्यायला विसरलात तरी चालेल. पण पंगतीत कोणी पानावर आडवा हात धरला, तर तो हात बाजूला सारून वाढू नका. आणि तो हात तुमचा असेल, तर तो तसाच धरून ठेवा.