पहिल्या चेंडूचा मान

हिशेब मांडला तर शिवराजला मिळणारं थोडंथोडकं नव्हतं. गोल्फ क्लबच्या कॅप्टनची खुर्ची, तिथल्या दिवाणखान्यातल्या जुन्या शिसवी फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव, आणि 'वावर सोडून काठीनं बॉल काय हाणतो रं?' म्हणून हसणाऱ्या फुलंब्रीच्या भावकीच्या तोंडाला कायमचं कुलूप. बदल्यात वहिनीशी दोन शब्द बोलायचे. सौदा स्वस्तातला होता.

क्लब निजामाच्या अमदानीतला. इंग्रज अधिकाऱ्यांनी डोंगराच्या कुशीत आखलेलं मैदान मोठं कजाग. भलेभले खेळाडू चौदाव्या होलवरच्या खदानीत चेंडू घालवून वाऱ्याला शिव्या देत. मंजुषावहिनींनी गेल्या साली तीच खदान उलट्या वाऱ्यात पार करून महिलांचं अजिंक्यपद घेतलं होतं. रिवाज असा, की पुढल्या स्पर्धेचा पहिला चेंडू गतविजेतीनं मारायचा, आणि त्याआधी सवाष्णींनी तिला हळद-कुंकू लावून ओवाळायचं. साहेबांच्या मैदानात ही हळद कुणी आणली ते कुणालाच आठवत नव्हतं. 'आपली परंपरा' मात्र सगळेच म्हणत.

अडचण एवढीच, की शिवराजचा थोरला भाऊ, मंजुषाचा नवरा ऋतुराज, आषाढात गेला होता.

"आम्ही काही जुन्या विचारांचे नाही हो," अध्यक्ष लिंबूसरबत ढवळत म्हणाले होते. "पण बायका कुजबुजतात. तुम्ही घरचेच, गोडीनं सांगा. कॅप्टनपदासाठी तुमचं नाव डोक्यात आहेच."

शिवराज गेला तेव्हा मंजुषा मेथी निवडत होती. पुसूनपुसून लख्ख केलेली काठी भिंतीला टेकवलेली.

"या भावजी, चहा ठेवते. परवा वारा पश्चिमेचा असंल ना? पहिला बॉल जरा डावीकडून काढते."

"वहिनी, ते... यंदा राहू द्या."

"कोण म्हणतं? कमिटी? कमिटीला मी बघते."

खरं बोलला असता तर वहिनी भांडल्या असत्या, आणि खुर्ची गेली असती. शिवराजनं पटकन एकच नाव घेतलं.

"आई म्हणते."

मेथीवरचे हात थांबले. ऋतुराज गेला त्या दिवशी सुनेचं कुंकू पुसायला आलेल्या बायांना सासूनं, केसरबाईंनीच दारातून हाकललं होतं. त्याच आता असं म्हणतात? पण मयत भावाच्या बायकोशी दीर खोटं बोलेल, हे मंजुषाच्या मनात यायला जागाच नव्हती.

"बरं," ती म्हणाली. चहा मात्र उतू जाईपर्यंत तिच्या लक्षात राहिला नाही. तो चहा शिवराजच्या घशाखाली उतरताना नको इतका गोड लागला.

स्पर्धेच्या सकाळी तंबू सजले. शिवराजची बायको सुरेखा ओवाळणीचं ताट घेऊन उभी. मुलगी तनुजा मुलींच्या गटात पहिल्यांदाच खेळणार होती. आणि न सांगता फुलंब्रीहून जीप आली. तीतून ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या केसरबाई उतरल्या.

"मंजू कुठंय? तिचा बॉल बघायला आले म्या."

अध्यक्ष हसून म्हणाले, "आजी, तुमच्या सांगण्यावरूनच तर त्या आल्या नाहीत. शिवराजच म्हणाले."

"माह्या?"

शिवराज बुटांकडे बघत राहिला. म्हातारीला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

"माहं नाव घेऊन तिला घरात बसवलंस व्हय? तुह्या लग्नात पांढऱ्या कपाळाची म्हणून मला मांडवाच्या बाहेर बसवलं, तवा म्या गप राहिले. वाटलं, पोराच्या सुखाला कशाला आड यावं. तवाच बोलायला पाहिजे होतं, शिवा. माही चूक झाली."

"आई, लोक बघायलेत."

"बघू दे की. त्यासाठीच तर केलंस ना?"

सुरेखानं ताट टेबलावर ठेवलं. तनुजानं हातमोजा काढला.

"पप्पा, मी जिंकले तर मलापण नवरा जिवंत असेपर्यंतच ओवाळणार का?" उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "चल आज्जी, मोठ्या आईकडं जाऊ."

तिघी जीपमध्ये बसून गेल्या. ताटातलं निरांजन वाऱ्यानं विझलं. अध्यक्षांनी घसा साफ केला, "मारा, कॅप्टन. उशीर होतोय," आणि शिवराजनं चेंडू मारला. सरळ, लांब, देखणा. आयुष्यात इतका चांगला फटका त्याला कधी जमला नव्हता. टाळ्या झाल्या.

फळ्यावर सोनेरी नाव चढलं. भावकी गप झाली. ठरलं होतं ते सगळं शिवराजला मिळालं. त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनीच भरली. मंजुषाचा मान गेला. केसरबाई थोरलीकडं राहायला गेल्या. धाकट्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. तनुजाची काठ्यांची पिशवी ओसरीवर तशीच उभी आहे. शिवराज येता-जाता ती पुसतो, पण तिला 'खेळ' म्हणायचं धाडस त्याला होत नाही.

आणि त्या सकाळी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना हे सगळं अगदी फुकट पडलं. तुमच्या-आमच्या घरच्या हळद-कुंकवात पडतं, तसंच.